झिजलेला कार्बन टाकण्याआधी
विजेची हत्यारं : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण प्लगपासून स्विचपर्यंत आलो. वायर शाबूत आहे, स्विच दाबला की करंट पुढे जातो, आणि तरीही ग्राइंडर मधेच दम टाकतो किंवा मागच्या जाळीतून ठिणग्या फेकतो. अशा मशीनवर दुकानात उत्तर ठरलेलं असतं : कार्बन बदला. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण ज्या मशीनला दर महिन्याला नवे कार्बन लागतात, तिथे कार्बन बिचारा दुसऱ्याच कोणाची शिक्षा भोगत असतो. ती कोणाची, हे जुन्या कार्बनच्या तोंडावर बऱ्यापैकी दिसतं. म्हणून तो काढल्या काढल्या कचऱ्यात टाकणाऱ्या मेकॅनिकवर माझा फारसा विश्वास नाही.

आधी त्याचं काम समजून घेऊ. ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर आणि स्वयंपाकघरातला मिक्सर या सगळ्यांत साधारण एकाच जातीची मोटर असते. फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोचवायची तर वायर जोडून चालणार नाही, ती पिळवटून तुटेल. म्हणून आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर असतो आणि त्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगने दाबलेले कार्बन घासत राहतात. चार इंची ग्राइंडरची डिस्क मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते. मधल्या गिअरमुळे आर्मेचर त्याहून कितीतरी वेगाने, ३०,००० च्या घरात फिरतं. कम्युटेटरचा व्यास २५ मिलिमीटर धरला, तर कार्बनखालून तांबं ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने पळतं.

सुरुवातीच्या डायनॅमोंवर या जागी तांब्याच्या तारांचे झुपके लावत. तांब्यावर तांबं घासायचं आणि दोन्ही झिजायची. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्याने तिथे कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. कार्बन तांब्याच्या मानाने वीज वाईट वाहतो, आणि गंमत म्हणजे इथे तोच त्याचा गुण ठरतो. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना कार्बन क्षणभर दोन्ही पट्ट्यांना टेकलेला असतो. त्या क्षणी त्यांच्यामधली कॉइल शॉर्ट होते. कार्बनच्या अंगच्या विरोधामुळे तो शॉर्टचा करंट आवाक्यात राहतो आणि ठिणगी लहान राहते.

शिवाय ग्रॅफाइट स्वतःच वंगण आहे. मात्र ते वंगणाचं काम हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने करतं. दुसऱ्या महायुद्धात फार उंचीवर उडणाऱ्या विमानांतल्या जनरेटरचे कार्बन बघता बघता भुकटी होऊन जात. तिथली हवा इतकी कोरडी होती की ग्रॅफाइट निसरडं राहीना. आपल्या कामाचा भाग असा की, चांगल्या चाललेल्या कम्युटेटरवर ओलावा, तांबं आणि ग्रॅफाइट मिळून एक पातळ चॉकलेटी थर बसतो. तो मळ नव्हे. ‘तांबं चकचकीत केलं’ म्हणून कोणी कौतुकाने दाखवू लागला, तर त्याने कार्बनचं आयुष्य कमी केलेलं असतं.

आता प्लग काढा आणि दोन्ही बाजूंची टोपणं उघडून कार्बन बाहेर घ्या. काही मशीनला बाहेर टोपणं नसतात, तिथे मागचं कव्हर खोलावं लागतं. तोंड गुळगुळीत, दोन्ही जवळपास सारखेच झिजलेले आणि पाच-सहा मिलिमीटर उरलेले असतील तर त्यांचं वय झालं, बदला. काही कार्बनमध्ये स्प्रिंगची खिट्टी असते. कार्बन संपत आला की ती पुढे येऊन संपर्क तोडते. मशीन ठिणगी न टाकता एकदम बंद पडलं, तर ‘कॉइल जळाली’ म्हणण्याआधी ही शक्यता तपासा.

एकच कार्बन जास्त झिजला असेल, तर त्या बाजूच्या घराकडे पाहा. कार्बन घरात बोटाने ढकलला की सहज सरकला पाहिजे. सिमेंटची किंवा दगडाची पूड अडकली की तो अधूनमधून तांब्यापासून सुटतो आणि तेवढ्या फटीत ठिणगी पेटते. स्प्रिंग निळी पडली असेल, तर कार्बनची तांब्याची शेपटी तुटलेली किंवा सैल असणार. करंट स्प्रिंगमधून गेला, ती तापली आणि तिचा दाब गेला. तोंडावर रेघा ओढल्यासारखे चर असतील, तर पूड आत पोचते आहे.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे कार्बनचे तुटलेले कोपरे. काहीतरी त्याला ठोकतं आहे. शाफ्ट धरून आडवा हलवून पाहा. खेळ लागला तर कम्युटेटरकडचं बेअरिंग गेलं. ते साधारण ६०७ किंवा ६०८ नंबरचं असतं आणि फार महाग नसतं. ग्राइंडरमध्ये पत्र्याच्या झाकणाऐवजी रबरी सीलचं घ्या, धूळ कमी शिरते. बेअरिंग ठीक असेल तर कम्युटेटरवरून नख फिरवा. तांबं झिजून पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल, तर तो हॅक्सॉ ब्लेडच्या घासलेल्या तुकड्याने तांब्याच्या खाली उतरवावा लागतो. हे काम हाताला सवय असलेल्याकडूनच करून घ्या.

ठिणगीचाही रंग बघा. कार्बनच्या कडेला बारीक निळसर ठिणगी असतेच, आणि नवा कार्बन बसेपर्यंत ती जरा जास्त दिसते. म्हणून नव्या कार्बनवर मशीन काही मिनिटं रिकामं चालवावं. पिवळी-नारिंगी ठिणगी कम्युटेटरभर गोल फिरू लागली, तर ताबडतोब बंद करा. एखाद-दुसरीच पट्टी काळी पडली असेल, तर तिला जोडलेली कॉइल तुटलेली असण्याचा संशय घ्या. लगतच्या पट्ट्यांमध्ये मीटर लावून एक फेरी मारली की तुटलेली कॉइल सापडते. शॉर्ट कॉइल मात्र स्वस्तातल्या मीटरला चकवते, कारण चांगल्या कॉइलचा विरोधही फार थोडा असतो. त्यासाठी वाइंडरकडे ग्राउलर असतो. आर्मेचर त्यावर ठेवून हॅक्सॉ ब्लेड धरलं की शॉर्ट कॉइलच्या खाचेवर ते थरथरतं.

बॉडीला शॉर्ट आहे का, हे पाहताना बरेच जण कम्युटेटर आणि शाफ्ट यांच्यात टेस्ट लावतात. ज्या हत्यारांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांच्या आर्मेचरमध्ये शाफ्ट आणि पत्र्यांचा गठ्ठा यांच्यामध्येही इन्सुलेशन असू शकतं. म्हणून टेस्ट गठ्ठ्यालाही लावा. आणि ती सिरीज दिव्यावर करण्यापेक्षा मेगरवर करा, सिरीज बोर्डाच्या टोकांनाही जीव घेण्याइतकी वीज असते.

आर्मेचर गेलंच असेल तर? मोठ्या ब्रेकरचं वाइंडिंग करून घेणं परवडतं. चार इंची ग्राइंडरचं मी करून घेत नाही. एवढ्या वेगात तोल किंचित चुकला किंवा वार्निश नीट भाजलं गेलं नाही, तर तारा सुटतात. नवं घ्यायला जाताना जुनं बरोबर न्या. मॉडेलचा नंबर तोच असला तरी फॅनचा आकार, कम्युटेटरची उंची आणि ड्रिलचं असेल तर शाफ्टवर कोरलेले दाते काउंटरवरच मोजून घ्या.