कुत्र्याला कारभारी व्हायचे नसते

कारखान्यांची पाळी सुटली की पुणे-अहिल्यानगर महामार्गावरचे कारेगाव गजबजते. रांजणगाव एमआयडीसीतले कामगार चहा-वड्याच्या गाड्यांभोवती थांबतात आणि त्यांच्या पायापायांत गावची कुत्री घुटमळू लागतात. खाली पडलेल्या पावाच्या तुकड्याकडे दोन कुत्री एकदम वळली, तरी बहुतेक वेळा मारामारी होत नाही. एकाचे अंग क्षणभर ताठ होते. दुसरा मान वळवतो, जिभेने ओठ चाटतो आणि बाजूला सरकतो. थोड्या वेळाने पाण्यापाशी मात्र आधी हाच पुढे होतो आणि मघाचा 'विजेता' थांबतो. कोणाला काय किती हवे आहे आणि समोरचा कोण आहे, यावर ते ठरते.

कुत्रा पाळणाऱ्याला मिळणारा सल्ला नेमका याच्या उलट असतो. 'घरात मालक कोण ते दाखवून द्या, नाहीतर तो डोक्यावर बसेल.' म्हणून त्याच्या आधी आपण जेवायचे, दारातून आधी आपण जायचे, गुरगुरला तर उताणा पाडून दाबून धरायचा. कुत्रा सतत घरातले पहिले स्थान बळकावायला टपलेला असतो, हे यात गृहीत धरलेले असते.

या समजाचे मूळ कुत्र्यांत नाहीच. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल प्राणिसंग्रहालयात लांडग्यांचे निरीक्षण केले आणि ते 1947 मध्ये प्रसिद्ध केले. ते लांडगे कुंपणाआड एकत्र ठेवलेले होते. भांडण झाले तर निघून जायला वाट नव्हती. अनोळखी माणसे एका खोलीत कोंडून त्यांच्या हाणामारीवरून कुटुंब कसे चालते ते ठरवावे, तसे हे झाले. अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे 'अल्फा', म्हणजे झगडून कळपाचा प्रमुख झालेला लांडगा, ही कल्पना घरोघरी पोहोचली.

पुढे मीच यांनीच ती मागे घेतली. 1986 पासून अनेक उन्हाळे त्यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ काढले. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची गेल्या एक ते तीन वर्षांतली पिल्ले, असे त्यांना दिसले. पिल्ले आईबापांच्या मागून जातात ती आईबाप म्हणून. मोठी झाली की स्वतःचे घर मांडायला निघून जातात. 1999 मध्ये त्यांनी हे शोधनिबंधातून मांडले आणि जुन्या पुस्तकाची छपाई थांबवा, असा प्रकाशकाकडे आग्रह धरला. आपल्याच गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध असे उभे राहणारे शास्त्रज्ञ थोडे.

लांडगा इथल्या माणसाला परका नाही. दौंड-बारामतीच्या माळरानांवर तो अजून आहे, आणि मेंढ्यांच्या वाघरीपाशी रात्र काढणारी धनगरांची कुत्री त्याच्यासाठीच जागी असतात. दोघांचे नाते इतके जवळचे, की महाराष्ट्रातल्या लांडग्यांत कुत्र्याशी संकर झाल्याचे जनुकीय पुरावे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही लांडग्याचे कायदे कुत्र्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. लांडग्याच्या पिल्लांना अख्खे कुटुंब शिकार आणून भरवते. गावातली कुत्री प्रामुख्याने माणसाच्या उष्ट्यावर आणि कचऱ्यावर जगते, आणि पिल्लांचा बहुतेक भार एकटीने उचलते.

भारतातल्या मोकळ्या कुत्र्यांवर सर्वांत चिकाटीचे काम आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने केले आहे. त्यांचा 2020 चा एक प्रयोग फार बोलका आहे. वेगवेगळ्या शहरांतल्या 160 भटक्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवून एका अनोळखी माणसाने त्यांतल्या एकाकडे बोट दाखवले. जवळपास निम्मी कुत्री पुढेच आली नाहीत, माणसाला बिचकली. जी आली, त्यांतल्या सुमारे 80 टक्क्यांनी दाखवलेलेच भांडे निवडले. त्यांना कोणी शिकवले नव्हते, दटावले नव्हते. माणसाचा इशारा ओळखण्याची ही तयारी सत्तेसाठी झगडणाऱ्या प्राण्याची वाटत नाही.

कुत्र्यांत वरचढपणा नसतोच, असे म्हणणेही चूक ठरेल. रोमच्या उपनगरातल्या मोकळ्या कुत्र्यांत इटालियन संशोधकांना क्रमवारी आढळली. पण वाटचालीत इतर कुत्री बहुधा ज्यांच्या मागे जात, ती वयाने मोठी आणि अनेकांशी सलोखा असलेली कुत्री होती.

आता दाबून धरण्याविषयी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 140 श्वानमालकांची माहिती तपासली. मारणे-लाथाडणे वापरून पाहिलेल्यांपैकी 43 टक्क्यांची कुत्री उलट आक्रमक झाली. उताणे पाडण्याच्या बाबतीत हे प्रमाण 31 टक्के होते. चाव्यातून रेबीजचा धोका असलेल्या आपल्या देशात हा सल्ला बेफिकिरीने देणे अक्षम्य आहे.

चप्पल फाडून मान खाली घालणाऱ्या कुत्र्याला 'केलेले कळते', हेही त्याच वर्षी तपासले गेले. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या प्रयोगात 14 कुत्री होती. ती अपराधी चेहरा करत ती मालक रागावल्यावर. मुळात काही केले होते की नाही, याने फरक पडत नव्हता. तो चेहरा भीतीचा, समोरच्याला शांत करण्याचा असतो.

गुरगुरण्याकडेही असेच पाहायला हवे. खाटेखाली भाकरी घेऊन बसलेला कुत्रा गुरगुरतो तेव्हा 'जवळ येऊ नको' एवढेच सांगत असतो. त्याबद्दल मार बसत गेला तर तो गुरगुरणे सोडतो, भीती मात्र तशीच राहते, आणि पुढचा चावा सूचनेशिवाय येतो. त्यापेक्षा लांबूनच उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकून मागे फिरावे. माणूस जवळ आला की भाकरी जात नाही, वर काही मिळते, हे त्याच्या लक्षात येऊ लागते. अंतर दिवसागणिक कमी करावे आणि मुलांना या सरावापासून दूर ठेवावे. एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला, तर आधी पशुवैद्यकाला दाखवावा. पुष्कळदा कान ठणकत असतो किंवा दाढ दुखत असते.