विश्लेषण : धनेशाच्या ढोलीसमोरचा फोटो पिल्लाच्या जिवावर का बेततो?

फेब्रुवारी-मार्च उजाडला की पक्षिनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरू लागतो. जुन्या झाडाची ढोली, तोंडाशी फळ घेऊन आलेला नर धनेश आणि फटीतून बाहेर आलेली मादीची चोच. फोटोखाली पहिली प्रतिक्रिया ‘वा!’, दुसरी ‘लोकेशन?’. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न देणेच का योग्य, ते पाहू.

ढोलीच्या आत काय सुरू असते?

कोकण आणि सह्याद्रीत दिसणाऱ्या महाधनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर वगैरेंनी तोंड लिंपून घेते. उरते ती फक्त चोच बाहेर येईल एवढी उभी फट. आत ती एक-दोन अंडी घालते. अंडी उबवायला साधारण ४० दिवस लागतात आणि बहुधा एकच पिल्लू मोठे होते. याच काळात मादीची उडण्याची पिसे गळून नवी येतात. म्हणजे काही आठवडे ती धड उडूही शकत नाही. पुढे मादी बाहेर पडते, तेव्हा आत राहिलेले पिल्लू फट पुन्हा लिंपून घेते.

फोटोग्राफरमुळे नेमके काय बिघडते?

मादी आत असेपर्यंत तिचे आणि पिल्लाचे पोट एकट्या नरावर अवलंबून असते. वड, उंबरासारखी फळे, कधी किडे, सरडे घेऊन तो येतो. ढोलीखाली माणसे दिसली, तर तो लांबच्या झाडावर बसून राहतो किंवा परत फिरतो. आपल्या दृष्टीने तो ‘पक्षी आलाच नाही’ असा कंटाळवाणा तास असतो. आतल्या दोघांसाठी ती चुकलेली खेप असते. एका ग्रुपनंतर दुसरा आला की खेपा चुकतच जातात. ‘क्लीन फ्रेम’साठी समोरच्या फांद्या छाटल्या, तर ढोलीचा आडोसाही जातो.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणेही येते. बंदूकच हवी असे नाही. महाधनेश या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे गुन्हा सिद्ध झाल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

लेन्स मोठी असेल तर चालेल का?

साधे गणित करू. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी. ६०० मिमी लेन्सने ५० मीटरवरून तीन मीटर रुंदीचे दृश्य टिपता येते. महाधनेश सुमारे एक मीटर लांब, म्हणजे चौकटीचा एकतृतीयांश भाग तो व्यापतो. मोबाइलच्या पाचपट झूमला (साधारण १२० मिमी) तेथूनच १५ मीटर रुंदीचे दृश्य येते आणि पक्षी चिमुकला दिसतो. मग पावले आपोआप पुढे पडतात. अर्थात, ५० मीटर हा काही सुरक्षित अंतराचा नियम नव्हे. फळ घेऊन आलेला नर बिचकला, तर आपण जास्त जवळ आहोत असे समजून मागे फिरावे.

लोकेशन का लपवायचे?

धनेश स्वतः ढोली कोरत नाही. फांदी मोडून, लाकूड कुजून तयार झालेली जागा तो शोधतो. अशी मोठी झाडे कमी उरली आहेत आणि सोयीची ढोली वर्षानुवर्षे वापरली जाते. म्हणून एकदा फुटलेला पत्ता पुढच्या अनेक हंगामांना नडतो. आपण पत्ता सांगितला नाही तरी फोन तो सांगू शकतो. लोकेशन सुरू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ही नोंद तशीच पुढे जाते. जंगलात जाण्यापूर्वी कॅमेरा ॲपची लोकेशन परवानगी बंद करणे हा त्यावर सोपा उपाय.

मग फोटो काढायचाच नाही?

काढा, पण फळलेल्या वडाजवळ, पिंपळाजवळ किंवा उंबराजवळ. तेथे धनेश मोकळेपणाने खातात, उडतात आणि फोटोही अधिक जिवंत येतात. ढोली अचानक दिसलीच, तर न थांबता पुढे जावे. तेथे गर्दी, फांद्यांची छाटणी किंवा ड्रोन दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. आणि ग्रुपवर कोणी ‘लोकेशन?’ विचारले, तर तालुक्याचेही नाव सांगू नये.