दोन ‘टी’ आणि मधला पारा

मुलांनो, आई रागावली की तुम्ही हळूच म्हणता, ‘आज आईचा पारा चढलाय!’ पण खराखुरा पारा किती जणांनी पाहिलाय?

आमच्या चौथीच्या वर्गात एकदा एका मुलाने तो काडेपेटीतून आणला. घरचा जुना थर्मामीटर फुटला होता. ‘बाई, बघा कसा पळतो!’ म्हणत स्वारी तळहातावर चंदेरी गोळ्या खेळवत होती. माझ्या काळजात धस्स झालं! मुलांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, पारा घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद केला आणि त्याला हात धुवायला लावले. तो हिरमुसला. ‘एवढासा तर आहे, बाई. काय होतं त्याने?’

प्रश्न चांगला होता. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही नसतो. श्वासाबरोबर ती आत जाते आणि मेंदूला, मूत्रपिंडांना इजा करते. पाण्यात गेलेला पारा तर आणखी लबाड! जपानमध्ये मिनामाता नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या एका कारखान्याच्या सांडपाण्यातून पाऱ्याचं विषारी संयुग समुद्रात गेलं. ते माशांत साठलं आणि मासे खाणाऱ्या माणसांत, मांजरांत शिरलं. हातपाय थरथरू लागले, बोलता येईना, दिसेना. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. साधा पारा पाण्यात गेला, तरी गाळातले जिवाणू त्याचं असंच विष बनवू शकतात. म्हणून तो आधीच ओळखायला हवा. पण पाणी तर स्वच्छ दिसतं. मग ओळखायचं कसं?

इथे मदतीला येतो डीएनए. हा आपल्या पेशींमधला, पिळलेल्या शिडीसारखा रेणू. त्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक जोडी. ए, टी, जी आणि सी अशी घटकांची नावं आपण लक्षात ठेवू. वर्गातल्या बाकांसारखंच बघा ना : ‘ए’ शेजारी ‘टी’ बसणार आणि ‘जी’ शेजारी ‘सी’. दोन ‘टी’ समोरासमोर आले, तर त्यांचं नीट जमत नाही.

आता पाण्यात विरघळलेला पारा आला. त्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. अशा विद्युतभारित अणूला आयन म्हणतात. हा आयन नेमका दोन ‘टी’च्या मध्ये जाऊन बसतो! दोघेही आपला एकेक हायड्रोजन सोडतात आणि त्या जागी पाऱ्याला धरतात. न जमणारी जोडी पक्की जमते. चांदीच्या आयनाची आवड वेगळी. तो दोन ‘सी’च्या मध्ये बसतो.

२००४ साली अकिरा ओनो आणि हुमिका तोगाशी या जपानी शास्त्रज्ञांनी या खोडीचाच उपयोग केला. कसा, ते करूनच पाहा. कागदाची लांब पट्टी घ्या. तिच्यावर दोन्ही बाजूंना ‘टी’ लिहा. एका टोकाला पिवळा ठिपका काढा, दुसऱ्या टोकाला काळा. पिवळा ठिपका म्हणजे प्रकाश टाकला की चमकणारा रंग आणि काळा म्हणजे ती चमक गिळणारा. आता पट्टी मधोमध दुमडा. ‘टी’समोर ‘टी’ आला, दोन्ही ठिपके एकमेकांजवळ आले! त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेला डीएनएचा तुकडा असाच होता. पाण्यात पारा नसेल, तर पट्टी मोकळी राहते आणि चमकते. पारा असला, की तो ‘टी’ना जोडतो, पट्टी दुमडते आणि चमक मंदावते. म्हणजे पारा स्वतःच आपली चहाडी करतो!

पाऱ्याला आळा घालण्यासाठी २०१३ साली जगातल्या देशांनी करार केला. त्याला नाव दिलं मिनामाताचं, त्या गावाची आठवण राहावी म्हणून.

तेव्हा थर्मामीटर फुटला, तर गोळ्यांना हात लावू नका. झाडू फिरवू नका, पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि मोठ्यांना हाक मारा. आणि आईबाबांनो, मूल सांगायला आलं, तर तुमचा पारा चढू देऊ नका. रागाच्या भीतीने ते काडेपेटीत लपवेल, आणि तेच जास्त धोक्याचं!