महिन्याला ३९९ रुपयांचा उजेड

कोल्हापूरच्या पेठांमध्ये हल्ली विजेच्या खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून खिडकीत अशी एक काळी बारीक वायर येते. केबलवाला ती सोलतो तेव्हा आतून तांबं निघत नाही, काच निघते. केसापेक्षा थोडा जाड असा तो तंतू असतो आणि त्यातही उजेड वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. खिडकीची काच कडेने पाहिली तर हिरवट, गढूळ दिसते, हातभर जाडीतून पलीकडचं धड दिसणार नाही. ही काच मात्र इतकी शुद्ध असते की योग्य तरंगलांबीचा उजेड इथून २० किलोमीटरवर पन्हाळ्यापर्यंत नेला, तरी दहातले जवळजवळ चार भाग शिल्लक राहतात. काचेत तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. चारशे किलोमीटर तार धरली तर मुंबईला जाऊन परत यायला त्याला एक सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. एवढ्यात आपली पापणीसुद्धा लवत नाही.

उजेड सगळ्या जगात याच वेगाने धावतो. मग घरच्या नेटचा भाव गावोगावी वेगळा का?

आधी भाव पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये जिओने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा प्लॅन आणला. १८ टक्के जीएसटी धरून तो ४७१ रुपयांना पडतो. बाकीच्या कंपन्या आणि गल्लीतले केबलवालेही याच पट्ट्यात खेळतात. जर्मनीत नोकरीला गेलेला कोल्हापूरचा मुलगा मात्र ५० एमबीपीएससाठी महिन्याला ४० युरोंच्या आसपास मोजतो, आणि पुष्कळदा ते नेट टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरूनच येतं. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये ‘इनिट सेव्हन’ या कंपनीने २०२१ मध्ये वर्षाला ७७७ फ्रँकमध्ये २५ गिगाबिटची जोडणी विकायला काढली. आपल्या ३० एमबीपीएसच्या आठशेपटीहून जास्त! एवढं घेऊन घरात करायचं काय, हा प्रश्न आहेच.

या फरकाचं मोठं कारण जमिनीत आहे. काच स्वस्त असते, खणणं महाग. जर्मनीत तार पुरायची तर रस्ता फोडायचा, परवानगी काढायची, पुन्हा फरसबंदी करून द्यायची. आपल्याकडे टीव्हीच्या केबलवाल्यांनी खांबाखांबांवरून वाटा आधीच पाडून ठेवल्या होत्या, फायबर त्याच वाटेने गेलं. डोक्यावर लोंबणारी ती जाळी दिसते भयाण, आणि एखादा उंच ट्रक गेला की अख्ख्या गल्लीच्या राऊटरवर लाल दिवा लागतो. पण आपल्या स्वस्ताईचा मोठा हिस्सा त्या जाळीतच लोंबतो आहे.

दुसरं कारण वाटणीचं. इथे एक तंतू बहुतेकदा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. वाटणारी डबी काचेचीच असते, तिला वीज लागत नाही. जीपॉन नावाच्या या पद्धतीत कंपनीच्या केंद्राकडून सेकंदाला अडीच गिगाबिट येतात, म्हणजे ६४ घरांनी एकदम ओढलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस. ‘शंभरचा प्लॅन’ तरीही चालतो, कारण सगळे शेजारी एकाच क्षणी सिनेमा उतरवत नसतात. घराकडून केंद्राकडे जाताना तर प्रत्येकाला ठरलेली वेळ मिळते, पाटाचं पाणी शेताला पाळीने मिळावं तशी. फक्त ही पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. स्वित्झर्लंडच्या बऱ्याच शहरांत प्रत्येक घराला केंद्रापासून स्वतंत्र तंतू आहे. त्या २५ गिगाबिटचं रहस्य तेच.

हाच हिशेब आपल्या जिल्ह्यातही लागू होतो. पेठेत शंभर मीटर तार ओढली की कितीतरी घरं लागतात. गगनबावड्यात किंवा चंदगडच्या एखाद्या धनगरवाड्यावर तेवढ्याच तारेला एकही घर लागत नाही, वर चार महिने धो धो पाऊस. तिथे प्रश्न भावाचा नसतो, तार पोचते की नाही याचा असतो.

आणि तरीही खेड्यांना जोडण्याचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, ९.६ केबीपीएस वेगाने. आजचा चार एमबीचा फोटो त्यावरून यायला पाऊण तासाहून जास्त लागला असता, आता सेकंदभर लागतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतीची कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं संगणकाने जोडायची योजना निघाली. खर्च सुमारे अडीच कोटी. निम्मा केंद्र सरकारचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेचा. शेतकऱ्याने गावच्या केंद्रावर जाऊन जगभरचं ज्ञान मिळवावं, असं स्वप्न होतं. प्रत्यक्षात तो विचारायचा ते उसाचं वजन किती भरलं आणि खत किती उचललं. मला यात स्वप्नाचा पराभव दिसत नाही, त्याला काय हवं ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी यातल्याच सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरचे एसएमएस वापरून पाहिले. संगणकाची सगळी कामं झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना तेच जास्त आवडलं. एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट. ३९९ रुपयांच्या तारेतून असे सव्वीस हजारांहून जास्त एसएमएस एका सेकंदात जाऊ शकतात.