‘वारंगा’ या नावात अक्षरे किती?

नांदेडकडून आलेल्या रस्त्याला वारंगा फाट्यावर दोन वाटा फुटतात. एक हिंगोलीला जाते, दुसरी हदगावकडे. नवख्या माणसाला तेथे थांबून विचारावे लागते. संगणकाचे प्रोग्रॅम लिहू लागलेले मराठी मूलही असेच एका प्रश्नापाशी अडते. ‘वारंगा’ या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले पोर बोटे मोजून सांगेल: वा, रं, गा, तीन. संगणकाच्या भाषांना विचारावे तर पायथॉन, जावा आणि जावास्क्रिप्ट म्हणतात सहा, गो आणि रस्ट म्हणतात अठरा, आणि स्विफ्ट पोराची बाजू घेते. शिकणाऱ्याला वाटते, आपलेच काही चुकले. वास्तविक त्याचे काहीच चुकलेले नसते.

संगणकाला अक्षर ठाऊक नाही, आकडा ठाऊक आहे. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ॲस्की संकेतात १२८ जागा होत्या. इंग्रजीचे तेवढ्यात भागले. एक अक्षर, एक आकडा, एक बाइट. पुढे १९९१ साली जगातील लिप्यांना क्रमांक देणारा युनिकोड आला आणि देवनागरीलाही १२८ जागांचा पट्टा मिळाला. पण त्यात ‘वा’ला क्रमांक नाही. व निराळा, काना निराळा, अनुस्वार निराळा. म्हणून व, काना, र, अनुस्वार, ग, काना अशी सहा चिन्हे झाली. हे क्रमांक साठविण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली काढली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. सहा त्रिक अठरा! गो भाषा घडविणाऱ्या तिघांत हेच दोघे होते. ती बाइट मोजते यात नवल ते काय?

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. गावाच्या नावासाठी कोणी ३० बाइटांची जागा ठेवली असे समजा. ‘वारंगा फाटा’ मधल्या मोकळ्या जागेसह ३१ बाइट भरते. मग कुठे नावच नाकारले जाते, तर कुठे शेवटचा काना तुटून त्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. ओरॅकलमध्ये नुसता आकडा दिला तर तो एरवी बाइटांचा धरतात, मायएसक्यूएलमध्ये चिन्हांचा. एकीकडची नावे दुसरीकडे नेताना घोटाळा होतो तो येथेच.

शब्द उलटा करून दाखवा, हाही शिकणाऱ्यांना हटकून घातला जाणारा प्रश्न. चिन्हे उलटली की काना सर्वांच्या पुढे निराधार उभा राहतो आणि ‘र’वरचा अनुस्वार ‘ग’वर जाऊन बसतो.

जोडाक्षरांनी तर फारच वाट पाहिली. ‘लक्ष्मी’ची आपण दोन अक्षरे मानतो, ल आणि क्ष्मी, युनिकोडचे अक्षरे पाडण्याचे नियम मात्र तिचे चार तुकडे करीत. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत क्ष्मी अखंड राहिली. म्हणजे भाषा तीच असली, तरी तिची जुनी आवृत्ती चार म्हणेल आणि नवी दोन.

तेव्हा मोजण्याआधी, कशासाठी मोजायचे ते ठरवावे. साठवणीची जागा आखायची असेल तर बाइट मोजावेत. नाव कापायचे, उलटायचे किंवा पडद्यावर अक्षरे किती ते सांगायचे असेल तर पोराचा हिशेब धरावा. पायथॉनमध्ये त्यासाठी वेगळी लायब्ररी जोडावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर नावाचे साधन आहे. त्याच्या हाती ‘वारंगा’ दिले की उत्तर तीन येते.