1869 चा 'पहिला' हंगाम: सिनॉप्सिसमधला एक शब्द किती पुरावा मागतो?

'पहिला', 'सर्वप्रथम', 'जनक', 'उगम'. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर यातला एखादा शब्द हमखास येतो. लिहायला सोपा असतो, पण व्हायवाच्या दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. असा शब्द तपासायचा कसा, ते आज एका खेळाच्या इतिहासातून बघू.

खेळ आहे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लंबगोल चेंडू आणि ठराविक अंतरावर पांढऱ्या रेषा मारलेलं मैदान. या रेषांमुळे मैदान भाजायच्या जाळीसारखं दिसतं, म्हणून त्याला 'ग्रिडायर्न' असंही म्हणतात. खेळ कधी पाहिला नसेल तरी चालेल, लागेल तेवढं मी सांगते.

नोंद काय म्हणते

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या विक्रमांच्या पुस्तकांत पहिला हंगाम 1869 चा. अख्ख्या हंगामात संघ दोन आणि सामनेही दोनच! 6 नोव्हेंबर 1869 ला न्यू जर्सी राज्यातल्या न्यू ब्रन्सविक इथे रटगर्स कॉलेजने प्रिन्स्टनला 6–4 असं हरवलं. आठवड्याभराने, 13 नोव्हेंबरला, प्रिन्स्टनने आपल्या मैदानावर 8–0 अशी परतफेड केली. तिसरा सामना ठरला होता, पण झाला नाही. खेळापायी अभ्यास मागे पडतोय ही कॉलेजांची काळजी, असं कारण सहसा दिलं जातं. खेळाडू सगळे हौशी विद्यार्थी.

इथपर्यंत सरळ आहे. आता विचारा, त्या दिवशी मैदानात नेमकं काय चाललं होतं?

मैदानात उतरून बघा

प्रत्येक बाजूला 25 जण. मैदान 360 फूट लांब, 225 फूट रुंद. चेंडू गोल. तो उचलून पळायचं नाही, फेकायचाही नाही. पायाने मारायचा, फार तर हाताने टोलवायचा. नियम लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या 1863 च्या नियमांच्या वळणाचे. एक गोल झाला की एक 'गेम' संपला, आणि असे दहा गेम खेळायचे. म्हणजे 6–4 हा आकडा आजच्या गुणांसारखा वाचायचा नाही. दहापैकी सहा गेम रटगर्सचे, एवढाच त्याचा अर्थ. गणवेश नव्हता, रटगर्सच्या काही जणांनी ओळखीसाठी डोक्याला लाल फडकी बांधली होती.

दोन्ही सामन्यांचे नियमही एकसारखे नव्हते. ज्याचं मैदान त्याचे नियम. प्रिन्स्टनकडे हवेतला चेंडू झेलला की मोकळी किक मिळायची, रटगर्सकडे ती सवलत नव्हती. 6–4 आणि 8–0 शेजारी शेजारी लिहून 'कोणता संघ सरस' असं ठरवायला बसलात, तर दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टींची तुलना होईल.

टचडाउन नाही, लंबगोल चेंडू नाही, रेषाही नाहीत. मग याला अमेरिकन फुटबॉल का म्हणायचं?

मग खेळ बदलला कधी?

1873 मध्ये येल, कोलंबिया, प्रिन्स्टन आणि रटगर्स यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून सामायिक नियम केले. हार्वर्ड त्या बैठकीला गेलं नाही, कारण त्यांच्या खेळात चेंडू उचलून पळता यायचं आणि ते त्यांना सोडायचं नव्हतं. मे 1874 मध्ये हार्वर्डने कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी दोन सामने खेळले, दुसरा रग्बीच्या नियमांनी. हा प्रकार हार्वर्डला आवडला. 1876 मध्ये स्प्रिंगफिल्डच्या बैठकीत प्रमुख कॉलेजं रग्बीसारख्या नियमांकडे वळली. 1880 मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्पच्या आग्रहाने संघ 11 जणांचा झाला आणि चेंडू एका संघाच्या ताब्यात देऊन डाव सुरू करायची पद्धत आली. 1882 मध्ये नियम झाला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. पाच यार्ड झाले की नाही हे बघायला मैदानावर रेषा हव्यात. तिथून ती जाळी आली.

म्हणजे 'ग्रिडायर्न' हे नाव ज्या रेषांवरून पडलं, त्या या 'पहिल्या' हंगामानंतर 13 वर्षांनी आल्या.

तर 1869 चूक आहे का? तसंही नाही. 'दोन कॉलेजांच्या संघांनी ठरवून खेळलेले सामने' अशी व्याख्या घेतली, तर आजच्या कॉलेज स्पर्धांची साखळी 1869 पर्यंत मागे नेता येते. 'चेंडू हातात घेऊन पुढे जाण्याचा खेळ' अशी घेतली, तर 1874 जास्त पटतं. आजचा खेळ ज्या नियमांवर उभा आहे ते हवे असतील, तर 1880–82. वर्ष व्याख्या ठरवते, म्हणून व्याख्या आधी लिहायची.

साधनं कोणती, आणि कधीची?

रटगर्सच्या 'टारगम' या विद्यार्थी नियतकालिकात नोव्हेंबर 1869 मध्येच सामन्याचा वृत्तांत आला. लिहिणाऱ्याने साफ सांगितलंय की प्रत्येक गेमचं वर्णन करण्यात अर्थ नाही, सगळे सारखेच झाले. याउलट दोन खेळाडू कुंपणावर आदळले आणि वर बसलेल्या प्रेक्षकांसकट कुंपण कोसळलं, हा रंगतदार प्रसंग येतो तो रटगर्सचा खेळाडू जॉन हर्बर्ट याच्या खूप नंतरच्या आठवणींतून. आठवण खोटी असते असं नाही. पण दोन्ही साधनांना एकच वजन देऊ नका, आणि कुठला तपशील कुठून आला ते तळटीपेत वेगवेगळं दाखवा.

1869 च्या 'राष्ट्रीय विजेत्या'चंही तसंच. त्या वर्षी असा किताब कुणी दिलाच नव्हता. पार्क डेव्हिस यांनी 1869 पासूनच्या विजेत्यांची यादी छापली ती अनेक दशकांनी. डेव्हिस स्वतः प्रिन्स्टनकडून खेळलेले. एवढ्याने यादी बाद होत नाही, पण ही माहिती वाचकाला मिळायला हवी.

एक कामाची गोष्ट. जुन्या कागदपत्रांत शोधताना आजची नावं पुरत नाहीत. प्रिन्स्टनचं अधिकृत नाव 1896 पर्यंत 'कॉलेज ऑफ न्यू जर्सी' होतं. 'फुट-बॉल' मध्ये जोडरेष सापडते. त्या काळचं नाव आणि स्पेलिंग घालून शोधलं नाही, तर 'साधनं उपलब्ध नाहीत' असं घाईने लिहिलं जातं.

आता तुमचं पान काढा

'पहिला' किंवा 'उगम' जिथे असेल तिथे खूण करा आणि शेजारी तीन उत्तरं लिहा: कोणत्या व्याख्येने पहिला? हे त्या काळी कुणी म्हटलं, की नंतर? म्हणणाऱ्याचं त्या संस्थेशी किंवा माणसाशी नातं काय?

मग वाक्य बदला. '1869 मध्ये अमेरिकन फुटबॉल सुरू झाला' याऐवजी 'ज्यांना पुढे अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा पहिला हंगाम मानलं गेलं, ते दोन सामने 1869 मध्ये सॉकरच्या वळणाच्या नियमांनी खेळले गेले'. वाक्य लांबलं खरं, पण यातल्या प्रत्येक शब्दासाठी तुम्हाला कागद दाखवता येतो. गाईडने 'एवढं लांब कशाला?' असं विचारलं, तर तेच सांगा.