ठरलेले किती, न ठरलेले किती?

‘जे व्हायचे ते ठरलेलेच असते’ हे वाक्य आपल्याकडे खेड्यापासून शहरापर्यंत सर्वत्र ऐकू येते. मुलगा नापास झाला, सोयरीक मोडली, पीक बुडाले की या वाक्याचा आधार घेतला जातो. अलीकडे याच्या अगदी उलट बोलणेही कानी पडते. ‘विज्ञानच म्हणते की काही निश्चित नाही, मग पत्रिका खोटी हे तुम्ही कशावरून सांगता?’ असा प्रश्न शिकलेली माणसेसुद्धा विचारतात. ही दोन मते परस्परविरुद्ध असली तरी त्यांचा परिणाम एकच होतो : माणूस विचार करणे सोडून देतो. म्हणून भौतिकशास्त्र या बाबतीत नेमके काय सांगते, ते समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे थोडक्यात मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

न्यूटनने १६८७ साली गतीचे व गुरुत्वाकर्षणाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे एडमंड हॅली यांनी एक धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल असे भाकीत केले. हॅली १७४२ साली वारले, पण १७५८ च्या डिसेंबरात धूमकेतू दिसला. अशा यशामुळे फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १८१४ साली एक विचार मांडला. विश्वातील प्रत्येक कणाची आजची स्थिती व त्यावरील बले ज्या बुद्धीला ठाऊक असतील, तिला सर्व भूतकाळ व भविष्यकाळ सांगता येईल. यालाच निश्चिततावाद म्हणतात. लक्षात ठेवावे की हा ग्रहदशेचा निश्चिततावाद नव्हे. त्यात कारण आणि कार्य यांचा हिशेब मांडावा लागतो आणि तो चुकला तर उघडा पडतो.

या विचाराला पहिली अडचण आली ती रोजच्या हवामानातून. १९६१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवामानाचे एक गणित दुसऱ्यांदा करीत होते. या वेळी त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. नियम तेच, यंत्र तेच. तरीही थोड्या वेळाने उत्तर पूर्णपणे वेगळे आले. १९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या मोजमापातील बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाऊस पडेल असे खात्रीने सांगता येत नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला याची किंमत चांगली ठाऊक आहे. मृगाच्या सरी पाहून कपाशी लावली आणि पुढे पावसाने ताण दिला, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून हवामानशास्त्रज्ञ आता सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित अनेकदा करतात आणि पावसाची शक्यता किती, ते सांगतात. येथे निसर्ग नियम मोडत नाही. आपले मोजमाप अपुरे पडते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. कर्करोगाच्या उपचारात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य वापरले जाते. त्याच्या साठ्यातील निम्मे अणू सुमारे सव्वापाच वर्षांत विघटित होतात. हे इतके पक्के आहे की त्यावरून रुग्णाच्या उपचाराची वेळ ठरवता येते. पण एखादा विशिष्ट अणू आज फुटेल की वीस वर्षांनी, हे कोणीही सांगू शकत नाही. १९२६-२७ मध्ये मॅक्स बॉर्न व हायझेनबर्ग यांनी दाखविले की अणूच्या पातळीवर सिद्धांत फक्त संभाव्यता सांगतो. आईनस्टाईन यांना हे अपुरे वाटे. आत काही कारण लपलेले असावे असे त्यांचे मत होते. १९६४ साली जॉन बेल यांनी हे मत प्रयोगाने तपासण्याची रीत सुचविली. पुढील प्रयोगांत क्वांटम सिद्धांताचीच बाजू खरी ठरली आणि त्याबद्दल २०२२ साली अ‍ॅस्पे, क्लाउझर व झाइलिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कणासोबत दडलेली आणि प्रकाशापेक्षा वेगाने परिणाम न करणारी कारणे यांचे स्पष्टीकरण देऊ शकत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. मात्र संभाव्यता स्वतः काळाबरोबर कशी बदलते, याचा नियम अगदी निश्चित आहे. ‘काहीही होऊ शकते’ असे क्वांटम सिद्धांत म्हणत नाही.

तिसरी अडचण कृष्णविवरांची. हा शब्द मराठी वाचकांना परिचयाचा झाला त्यात डॉ. जयंत नारळीकर यांचा वाटा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले होते. त्याच वर्षी स्टीफन हॉकिंग यांनी दाखविले की कृष्णविवरातून अत्यंत मंद किरणोत्सर्ग होतो व ते हळूहळू विरून जाते. मग आत पडलेल्या वस्तूची माहिती कुठे जाते? चुलीत चिठ्ठी जळली तरी धूर, राख व उष्णता यांचा पूर्ण हिशेब ठेवल्यास तत्त्वतः ती पुन्हा वाचता येईल. कृष्णविवरात मात्र ती कायमची नष्ट होते, असे हॉकिंग यांनी १९७६ साली मांडले. म्हणजे भविष्यच नव्हे, भूतकाळही हातातून निसटतो! १९९७ साली यावर जॉन प्रेस्किल यांच्याशी त्यांची पैज लागली आणि २००४ साली हॉकिंग यांनी हार मान्य केली. २०१९ नंतरची गणितेही माहिती बाहेर येते याच बाजूची आहेत, पण ती कशी येते यावर वाद चालू आहे. यवतमाळ जिल्हा ओलांडल्यावर लागणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी तेथे टिपल्या जाणार आहेत. हॉकिंग यांचा मंद किरणोत्सर्ग त्यात दिसणार नाही. पण कृष्णविवरे आपले नियम पाळतात की नाही, हे तपासता येईल.

आता पत्रिकेकडे वळू. २००८ साली डॉ. नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार व शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमविल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील ते सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

भगवान बुद्धांच्या काळी मक्खली गोसाल हे सुखदुःख नियतीने ठरते, प्रयत्नाने काही बदलत नाही, असे सांगत. बुद्धांनी ते मत नाकारले, कारण ते मानल्यास सदाचरणाला अर्थच राहत नाही. तथापि क्वांटम सिद्धांत त्यांनी आधीच सांगितला होता, असा दावा आपण करू नये. तो विचार नीतीचा होता. अणूचे ज्ञान प्रयोगातून आले. तसेच अणूच्या लहरीपणावरून माणसाचे स्वातंत्र्य सिद्ध होते असेही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, कोणी भविष्य सांगू लागला तर त्याला तीन प्रश्न विचारा : हे कशावरून सांगता, यात चूक किती असू शकते, आणि चुकल्याचे कसे ओळखायचे? हवामानशास्त्रज्ञ या तिन्हींची उत्तरे देतो. जो ती देत नाही, त्याच्या शब्दावर मुलीचे शिक्षण थांबवू नये, लग्न मोडू नये आणि कष्टाचा पैसाही घालवू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.